गर्भपिशवीत गाठ असताना बाळंतपण: कळा, ड्रिप आणि वार पडल्यानंतरचा तास

२७ जून २०२३ला आठव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली. बाळाचे ठोके दिसले आणि त्याच रिपोर्टात खाली एक ओळ होती: गर्भपिशवीच्या पुढच्या भिंतीत, वर डावीकडे, ५४ × ४९ × ४६ मिलिमीटरची इंट्राम्युरल (भिंतीच्या स्नायूंतली) फायब्रॉइड. मी साताऱ्यात प्रसूतिकक्षात परिचारिका आहे. गाठ असलेल्या बायकांच्या खाटेशेजारी अनेकदा उभी राहिले आहे, तरी आपल्या नावाच्या रिपोर्टात ती ओळ वाचताना धस्स झालं. घरी पहिला प्रश्न आला तो कॅन्सरचा. तो आधी मिटवते. फायब्रॉइड ही गर्भपिशवीच्याच स्नायूंची साधी गाठ असते, कॅन्सर नव्हे. पाळीच्या वयात ती पुष्कळ बायकांना असते आणि बहुतेकींना गरोदरपणात काही त्रास देत नाही. ज्यांना देते त्यांना कुठे, कधी आणि का देते, हे आधी कळलं तर तयारीला महिने मिळतात. ज्यांच्या रिपोर्टात अशी ओळ आली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सगळे विचारतात, गाठ केवढी? विचारायला हवं ते, गाठ कुठे आहे? पिशवीच्या बाहेरच्या अंगाला वाढलेली गाठ मोठी असली तरी बाळाच्या आणि कळांच्या वाटेत सहसा येत नाही. देठावर लोंबणारी गाठ देठाला पीळ पडला तर दुखते, एरवी शांत असते. भिंतीच्या आत, स्नायूंमध्ये असलेली गाठ कळांच्या कामात येते. अस्तराखालची, आत डोकावणारी गाठ गर्भ रुजण्यापासून वारेपर्यंत सगळीकडे अडचण करू शकते. आणि पिशवीच्या तोंडाजवळची, खालच्या भागातली गाठ बाळाच्या डोक्याच्या रस्त्यात बसते. आकाराला महत्त्व आहेच. पाच सेंटिमीटरच्या वरच्या गाठी, एकाहून जास्त गाठी आणि वार ज्या गाठीवर बसली आहे अशी गाठ, यांच्याकडे डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात. पण दोन सेंटिमीटरची तोंडाजवळची गाठ आणि सहा सेंटिमीटरची पिशवीच्या माथ्यावरची, म्हणजे वरच्या टोकाची गाठ यांतली पहिली जास्त अडवू शकते.

म्हणून रिपोर्टात एवढं लिहून मागा: गाठी किती, प्रत्येकीची तिन्ही मापं, कुठल्या भिंतीत, कुठल्या थरात, पिशवीच्या तोंडापासून किती अंतरावर आणि वारेपासून किती दूर. सोनोग्राफी करणारे डॉक्टर हे मोजतातच, पण गर्दीत दोन शब्दांत आटोपतात. नम्रपणे म्हटलं की लिहून देतात.

आपल्याकडे गरोदरपणातल्या प्रत्येक सोनोग्राफीला एफ फॉर्म भरावा लागतो. डॉक्टरांची चिठ्ठी कारणासकट लागते, ओळखपत्राची प्रत लागते आणि बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही या मजकुरावर सही लागते. गाठीमुळे सोनोग्राफी नेहमीपेक्षा जास्त वेळा होतात, तेव्हा दर वेळी नवी चिठ्ठी घ्या आणि तिच्यावर ‘फायब्रॉइडची वाढ पाहणे’ असं कारण लिहून घ्या. चिठ्ठी नसेल तर केंद्रावरून परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे. आधारच्या चार-पाच प्रती फाइलीतच ठेवलेल्या बऱ्या. मला साध्या सोनोग्राफीला १,२०० ते १,५०० रुपये आणि विसाव्या आठवड्याआधीच्या मोठ्या तपासणीला २,८०० रुपये लागले.

पहिल्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.६ आलं. गाठ असलेल्या बऱ्याच जणींची पाळी आधीपासून जास्त जाते, त्यामुळे गरोदरपण सुरू होतानाच लोहाचा साठा तळाला गेलेला असतो. बाळंतपणात जास्त रक्त जाण्याची शक्यता असलेल्या बाईला हे परवडत नाही. फेरिटिन तपासून घ्या. साठा किती उरलाय ते त्यातून कळतं. लोहाच्या गोळ्या रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात, चहा आणि कॅल्शियमची गोळी त्यांच्यापासून दोन तास लांब ठेवावी. पहिल्या तिमाहीत शिरेतून लोह देत नाहीत. त्यानंतरही हिमोग्लोबिन सरकेना म्हणून मला फेरिक कार्बोक्सिमाल्टोजचे १,००० मिलिग्रॅम सलाईनमधून दिले. त्याला जेमतेम अर्धा तास लागला, पण पुढे काही वेळ नजरेखाली बसवून ठेवतात. डिसेंबरात आकडा ११.४वर गेला. पुढे त्या एका आकड्याने मला वाचवलं असं मला मनापासून वाटतं.

ऑगस्टमधलं दुखणं

२८ ऑगस्टच्या रात्री, सतराव्या आठवड्याच्या आसपास, पोटात डावीकडे वर एका जागी दुखायला लागलं. बोट ठेवून दाखवता येईल अशी जागा. कूस बदलली की कळ उठायची, हात लावला की ओरडावंसं वाटायचं. अंगात कणकण, ताप शंभरच्या थोडा वर. गरोदर बाईच्या मनात अशा वेळी एकच भीती असते आणि ती शब्दांत आणायचीही हिंमत होत नाही.

हे गाठीचंच दुखणं होतं. पहिल्या तिमाहीत गाठ वाढायची ती वाढते, पुढे बहुतेक गाठी फारशा वाढत नाहीत. पण वाढताना कधी आतल्या भागाला रक्तपुरवठा कमी पडतो, तिथल्या पेशी मरतात आणि त्यातून दुखणं वाढवणारी रसायनं बाहेर पडतात. डॉक्टर याला रेड डिजनरेशन म्हणतात. हे बहुधा दुसऱ्या तिमाहीत होतं, वेदना जबर असतात, पण काही दिवसांत ओसरतात आणि बाळाला सहसा काही होत नाही.

तरीही ‘गाठीचंच असेल’ म्हणून घरी बसू नका. अपेंडिक्स, लघवीचा जंतुसंसर्ग, वार सुटणं आणि वेळेआधीच्या कळा हे सगळं असंच सुरू होऊ शकतं. मला तासाभरात दाखल केलं. रक्त आणि लघवी तपासली, सोनोग्राफीत बाळाचे ठोके नीट होते, वारेमागे रक्त साचलेलं नव्हतं आणि गाठीच्या मध्यभागी काळसर पोकळ्या दिसत होत्या. प्रोब नेमका गाठीवर दाबला की दुखायचं, बाकी पोट मऊ. निदानाला ही खूण महत्त्वाची असते. उपचार साधे होते: सलाईन, विश्रांती, पॅरासिटामॉल ६५० दर सहा तासांनी. आयब्युप्रोफेन गटातल्या गोळ्या या दुखण्यावर चांगल्या चालतात, पण त्या फक्त डॉक्टरांनी, थोडे दिवस, मोजून द्यायच्या. विसाव्या आठवड्यानंतर त्यांनी बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं, आणि तिसऱ्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी मिटू शकते. घरातल्या डब्यातली ‘अंगदुखीची गोळी’ म्हणूनच घ्यायची नाही. खासगी खोलीसह दाखल राहण्याचा खर्च ११,००० रुपयांच्या आत बसला. विम्यातून तो मिळाला नाही, कारण माझ्या पॉलिसीत मातृत्वाचा प्रतीक्षाकाळ संपायचा होता. लग्नानंतर पॉलिसी घेताना मातृत्व आणि गर्भाशयाच्या गाठी या दोन्हींचे प्रतीक्षाकाळ वेगवेगळे वाचा.

माहेर की जिल्ह्याचं गाव

१२ सप्टेंबरच्या मोठ्या सोनोग्राफीत बाळ नीट होतं. वार मागच्या भिंतीला आणि गाठ पुढच्या भिंतीत, म्हणजे वार गाठीवर बसलेली नव्हती. खूप बरं वाटलं. वार गाठीवर असेल तर ती आधीच सुटण्याचा धोका वाढतो आणि बाळाच्या वाढीवर जास्त बारीक नजर ठेवावी लागते.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात टेपने पोट मोजलं तर अठ्ठाविसाच्या जागी ३१ सेंटिमीटर भरलं. हेही लक्षात असू द्या: गाठ असली की टेप बाळ आणि गाठ दोन्ही मोजते. म्हणून बाळाची वाढ सोनोग्राफीनेच पाहायची. पोट तपासताना पुढच्या भिंतीतली गोल, टणक गाठ हाताला बाळाच्या डोक्यासारखी लागते, त्यावरून मूल आडवं किंवा पायाळू आहे असा गैरसमज होऊ शकतो. उलटही होतं. गाठीने जागा अडवल्यामुळे मूल खरोखरच पायाळू किंवा आडवं राहतं. शंका आली तर सोनोग्राफीने खात्री करून घेणं हाच मार्ग.

माझं माहेर पाटण तालुक्यात, डोंगरातल्या गावी. पहिलं बाळंतपण तिथे व्हावं असं आईच्या मनात होतं. मी तिला म्हटलं, “आई, तूच ये साताऱ्याला. तिथे रात्री रक्त लागलं तर आणायचं कुठून?” तिला पटलं, आणि ती डिसेंबरात आली. गाठ असलेल्या बाईने दवाखाना निवडताना फरशी आणि खोली बघू नये. भूलतज्ज्ञ रात्री दोनला किती मिनिटांत येतात, रक्तपेढी किती लांब आहे, शस्त्रक्रियागृह त्याच इमारतीत आहे का, नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग आहे का, हे विचारावं. माझ्या गावाजवळचा दवाखाना मायाळू होता, पण यांतल्या पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नव्हतं.

खासगीचा खर्च झेपत नसेल तर घाबरून दाई बोलावू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. तिथे गाठीची नोंद जोखमीची म्हणून करून घ्या. जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लागतं, आणि ते कार्ड पुढे कुठल्याही सरकारी रुग्णालयात बोलतं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. १०२ क्रमांक आशाताईंच्या आणि घरातल्या दोघांच्या फोनमध्ये हवा.

नोकरी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मातृत्व लाभाच्या नियमांत पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातली जास्तीत जास्त आठ आठवडे तारखेआधी घेता येते. गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आजारपण आलं तर पुरावा दाखवून वरचा एक महिना मागता येतो, हे कलम बऱ्याच मनुष्यबळ विभागांनाही आठवत नाही. माझ्या ऑगस्टसारखं दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर त्याचं डिस्चार्ज कार्ड म्हणून जपून ठेवा.

“सिझरच करून टाका, गाठही निघेल”

डोहाळजेवणात हे वाक्य मावशीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. नुसती गाठ आहे म्हणून सिझर करायचं नसतं. ३६व्या आठवड्यात, ९ जानेवारी २०२४ला, त्यासाठीच पुन्हा सोनोग्राफी केली. गाठ ६६ मिलिमीटर, तिचा खालचा काठ पिशवीच्या तोंडापासून खूप वर, बाळ डोक्याकडून खाली. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “वाट मोकळी आहे. कळांची वाट बघू.” ही तपासणी शेवटच्या महिन्यातच का करायची, त्यालाही कारण आहे. पिशवीचा खालचा भाग शेवटी ताणला जातो तेव्हा तिथली गाठ कधीकधी वर सरकते आणि सप्टेंबरात अडलेली वाट जानेवारीत मोकळी होते. गाठ डोक्याच्या खालीच राहिली, मूल आडवं असेल, किंवा आधी गाठ काढण्याची शस्त्रक्रिया पिशवीच्या आतपर्यंत गेली असेल तर सिझर ठरवूनच करतात. त्या शेवटच्या प्रकारात कळा सुरू होण्याआधीच, ३७व्या आठवड्याच्या सुमारास. जुन्या शस्त्रक्रियेचा कागद म्हणूनच हरवू देऊ नका.

आणि सिझरमध्ये गाठ का काढत नाहीत? दिवस भरलेल्या गर्भपिशवीतून मिनिटाला अर्धा लिटर ते पाऊण लिटरच्या दरम्यान रक्त वाहत असतं. त्या वेळी भिंतीतली गाठ कोरली तर रक्त थांबवणं अवघड जातं. देठावरची किंवा नेमकी छेदाच्या वाटेत आलेली गाठ काढतात, बाकीच्या सहसा सोडून देतात. बाळंतपणानंतर त्या बहुधा आपोआप लहान होतात.

रक्ताची सोय ३७व्या आठवड्यातच करून ठेवली. रक्तगट कार्डावर लिहिलेला असला तरी पुन्हा तपासून घेतात. क्रॉसमॅचचा, म्हणजे पेढीतलं रक्त आपल्या रक्ताशी जुळतं का ते पाहण्याचा नमुना साधारण तीन दिवस चालतो, म्हणून तो दाखल होतानाच द्यायचा. आधी फक्त रक्तपेढीला कळवून ठेवायचं आणि त्या गटाचं रक्त आहे ना ते विचारायचं. रक्त विकत मिळत नाही, प्रक्रियेचं शुल्क असतं. लाल पेशींच्या पिशवीला आमच्या इथे खासगी रक्तपेढीत १,५५० रुपये होतं.

कळा

३१ जानेवारीच्या रात्री कळा सुरू झाल्या. पहाटे दाखल झाले तेव्हा पिशवीचं तोंड तीन सेंटिमीटर उघडलं होतं. दुपारी चार सेंटिमीटर. संध्याकाळी चार वाजताही तेवढंच.

गाठ कळांचं काय करते ते इथे सांगते, कारण या तासांत बाई स्वतःला दोष द्यायला लागते. चांगली कळ माथ्यापासून सुरू होते आणि खाली पसरते. स्नायूची एक पेशी शेजारच्या पेशीला विजेचा इशारा देते, अख्खी पिशवी एका दमात आवळते, वरचा भाग जोर लावतो आणि खालचं तोंड वर खेचलं जाऊन उघडतं. गाठीतही स्नायूपेशी असतात, पण त्या भोवऱ्यासारख्या गुंडाळलेल्या आणि चिवट तंतूंनी भरलेल्या. त्या बाकीच्या भिंतीबरोबर आवळत नाहीत. लाट तिथे अडते, वळसा घेते, दोन बाजूंना वेगवेगळ्या वेळी पोहोचते. बाईला कळ पूर्ण दुखते, पण तोंडाशी काम अर्धंच होतं. लहान गाठींमध्ये हे जाणवतही नाही. माझ्यासारखी, माथ्याजवळच्या भिंतीतली मोठी गाठ असेल तर जाणवू शकतं.

ओळखायचं कसं? दहा मिनिटं घड्याळ लावून तळहात माथ्यावर ठेवायचा. तीन ते पाच कळा आणि प्रत्येक ४० सेकंदांच्या पुढे टिकणारी, असं हवं. माझ्या दहा मिनिटांत दोन येत होत्या, एक ४५ सेकंदांची, लगेच दुसरी २० सेकंदांची, मग लांब शांतता. हात कुठे ठेवायचा यालाही महत्त्व आहे. गाठीवर ठेवला तर कळ नसतानाही टणकच लागतं. पोटाला पट्टे बांधून ठोके आणि कळा नोंदवणाऱ्या यंत्राचंही तेच: कळा टिपणारी चकती गाठीवर बसली तर आलेख सपाट दिसू शकतो. सिस्टरांना सांगून मी ती उजवीकडे सरकवून घेतली आणि कळा कागदावर उमटायला लागल्या. दाखल होतानाच कागदावर पोटाचं चित्र काढून गाठीची जागा गोल करून ठेवा. ड्यूटी बदलते, सिस्टर बदलतात, चित्र राहतं.

ड्रिपच्या आधी साध्या गोष्टी केल्या. दर दोन तासांनी लघवी, कारण भरलेली लघवीची पिशवी डोक्याला खाली येऊ देत नाही आणि कळाही मंदावतात. उताणं पडून न राहता चालणं, डाव्या कुशीवर होणं. थोडं थोडं पाणी आणि भाताची पेज. आईने पाठ चोळली. तोंड चारच्या पुढे सरकेना आणि बाळाचे ठोके नीट होते, म्हणून साडेचारला ऑक्सिटोसिनचं, म्हणजे कळा वाढवणाऱ्या औषधाचं ड्रिप लावलं. अर्धा लिटर सलाईनमध्ये २.५ युनिट, मिनिटाला १० थेंबांनी सुरुवात, दर अर्ध्या तासाला १० थेंब वाढवायचे, आणि दहा मिनिटांत तीन चांगल्या कळा बसल्या की तिथेच थांबायचं. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा आल्या तर ड्रिप कमी किंवा बंद, कारण दोन कळांच्या मधल्या विश्रांतीतच बाळाला पुरेसा ऑक्सिजन मिळतो. ड्रिप चालू असताना ठोके सतत किंवा ठरावीक वेळाने ऐकलेच पाहिजेत.

इथे कळकळीने सांगते: ‘कळा वाढवायचं इंजेक्शन’ म्हणून घरी किंवा छोट्या ठिकाणी दंडात ऑक्सिटोसिन टोचतात ते कोणालाही टोचू देऊ नका. ड्रिप बंद करता येतं, टोचलेलं औषध परत काढता येत नाही. गाठ वाट अडवत असेल आणि वरून असा जोर आला तर पिशवी फाटू शकते.

आठला तोंड सात सेंटिमीटर, सव्वाअकराला पूर्ण. ड्रिप लागल्यावर वेदना वाढतात, तयारीत राहा. ज्यांच्या दवाखान्यात पाठीतून वेदनाशमनाची सोय आहे त्यांनी आधीच विचारून ठेवावं. गाठ असणं हा त्याला अडथळा नाही. २ फेब्रुवारीला रात्री एकच्या आत मुलगी झाली. २,९५० ग्रॅम, लगेच रडली.

वार पडल्यानंतर

बाळ हातात आलं की घरचे मोबाईल काढतात. गाठ असलेल्या बाईची खरी राखण तेव्हा सुरू होते. वार सुटल्यावर तिच्या जागेवरच्या रक्तवाहिन्या उघड्या असतात, आणि भोवतीचे स्नायू आवळले की त्यांच्या जाळीत त्या दाबून बंद होतात. गाठीमुळे भिंतीचा एक भाग नीट आवळत नाही, शिवाय लांबलेल्या कळांनी स्नायू थकलेले असतात.

बाळ बाहेर आल्यावर मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत दिलं. वार वीस मिनिटांच्या आत पडली. वार आणि तिचे पडदे पूर्ण आले का ते सपाट पसरून पाहतात. खाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावली होती. अशी एक स्वस्त पिशवी बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या अभ्यासासाठी बनवली गेली होती. डोळ्यांच्या अंदाजाने गेलेलं रक्त बहुधा कमीच वाटतं, पिशवी खरा आकडा सांगते. माझ्या वेळी त्या पिशवीत रक्ताने ५०० मिलिलिटरची रेघ ओलांडली.

त्या वेळी कोणीतरी पोटावर हात ठेवून “पिशवी कडक आहे” म्हणालं. ती गाठ होती. गाठ नेहमीच कडक लागते, तिच्या बाजूची भिंत मऊ, कणकेसारखी होती. मॅडमनी हात उजवीकडे नेला आणि लगेच चोळायला सुरुवात केली. गाठीची जागा आधी काढून ठेवायला सांगते त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. नळीने लघवी रिकामी केली, सलाईनमधून आणखी ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत हळू, आणि जिभेखाली गर्भपिशवी आवळणारं मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत द्यायचं असतं, जितकं लवकर तितकं चांगलं. मिसोप्रोस्टॉलने दात वाजण्याइतकी थंडी वाजते आणि ताप चढतो. ते औषधाने होतं हे घरच्यांना आधी सांगितलेलं असावं. आई त्या थंडीला फार घाबरली. पिशवी आवळणाऱ्या इतर औषधांपैकी दमा असेल तर कार्बोप्रोस्ट देत नाहीत, रक्तदाब जास्त असेल तर मेथर्जिन देत नाहीत, म्हणून हे दोन आजार केसपेपरवर ठळक लिहून घ्या.

एकूण ७५० मिलिलिटर गेलं आणि थांबलं. रक्ताची पिशवी आणून ठेवली होती, चढवावी लागली नाही. पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, पिशवीचा कडकपणा आणि रक्तस्राव पाहिला. बाळाला लगेच अंगावर घेतलं. दूध ओढताना पिशवी आवळते ते पोटात स्पष्ट कळतं. सकाळी हिमोग्लोबिन ९.५ होतं. नऊच्या आसपासच्या हिमोग्लोबिनवर सुरुवात केली असती तर हाच आकडा कुठे गेला असता ते मी रोज कामावर पाहते.

दवाखान्याचं बिल औषधांसह ६२,००० रुपये झालं. घरी आल्यावर तासाला एक पूर्ण पॅड भिजत असेल, मोठ्या गुठळ्या पडत असतील, ताप असेल, किंवा गाठीच्या जागी ऑगस्टसारखं दुखत असेल तर परत जायचं; बाळंतपणानंतरही गाठीचा रक्तपुरवठा तुटून तसं दुखू शकतं. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते.

डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘नॉर्मल डिलिव्हरी’ लिहून देतात. त्यावर गाठीची जागा आणि माप, ऑक्सिटोसिन का आणि केव्हा लावलं, किती रक्त गेलं आणि कुठली औषधं दिली हे लिहून मागा. पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर असतील, त्यांना हा कागद लागेल.

ऑगस्ट २०२४च्या सोनोग्राफीत गाठ ४१ मिलिमीटरवर आली होती. गाठ काढायची का हा निर्णय त्यानंतरचा, आणि तो पाळीच्या त्रासावर ठरतो. तांबीबद्दल विचारलं तेव्हा मॅडमनी आधी पिशवीची आतली पोकळी पाहिली. गाठीने पोकळी वाकडी झाली असेल तर तांबी बसवत नाहीत, माझी सरळ होती म्हणून चालली. तांबीने पाळी जरा जास्त जाऊ शकते, म्हणून लोहाची गोळी चालू आहे आणि दर सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन तपासते.